हे लागत नाही

गेल्या मार्गशीर्षात पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या त्वचारोग विभागाबाहेर मी माझा नंबर येण्याची वाट पाहत बसले होते. एकमेकींना जोडलेल्या लोखंडी खुर्च्यांची रांग होती, भिंतीवर कुष्ठरोग बरा होतो असे सांगणारा जुना, कडा फाटलेला फलक होता आणि हवेत स्पिरिटचा व ओल्या फरशीचा मिसळलेला वास होता. माझ्या शेजारच्या खुर्चीवर साठीचे एक गृहस्थ येऊन बसले. गडद निळा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापाशी बटणे नीट लावलेली. त्यांच्या खांद्यांवर पांढरा भुसा पडावा तशा बारीक खपल्या पडल्या होत्या आणि त्यांनी हात खुर्चीच्या कडेवर टेकवला तेव्हा त्यातल्या काही माझ्या बाजूलाही गळल्या. मी उठले आणि समोरच्या रांगेत, खिडकीपाशी जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. बसचा थांबा पुकारावा तशा सरावाच्या, रागलोभ नसलेल्या आवाजात ते एवढेच म्हणाले, “बसा ताई. हे लागत नाही.” मी घाईने म्हटले, “नाही, नाही, थंडी आहे ना, म्हणून जरा उन्हात बसते.” ते हसले, मान हलवली आणि हातातला कागद वाचू लागले. माझ्या स्वतःच्या डाव्या कोपरावर दोन महिन्यांपासून रुपयाच्या नाण्याएवढा, चंदेरी पापुद्र्याचा एक चट्टा होता आणि तोच दाखवायला मी तिथे आले होते.

मला ऊन नको होते.

तो आजार लागत नाही हे त्या संपूर्ण दालनात माझ्याइतके कोणाला ठाऊक असेल असे मला वाटत नाही. माझे धाकटे काका, ज्यांना आम्ही सगळी मुले अण्णाकाका म्हणायचो, त्यांना वयाच्या बाविसाव्या वर्षी सोरायसिस झाला आणि पुढे तीस-बत्तीस वर्षे तो त्यांच्या अंगावर राहिला. वाईच्या आमच्या घरात माझे बालपण त्यांच्या मांडीवर, त्यांच्या पाठीवर, त्यांच्या अंथरुणात गेले. रोज सकाळी आजी त्यांची चादर अंगणात झटकायची आणि कोवळ्या उन्हात त्या खपल्या उडताना मला त्या फार सुंदर दिसायच्या, हे आज लिहायलाही संकोच वाटतो. त्या घरातल्या एकालाही तो आजार कधी ‘लागला’ नाही. आणि तरीही मी उठले. पायांनी ते केले, मला न विचारता. ‘सोरायसिसच आहे,’ असे डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितले, घराण्यात कोणाला आहे का असे विचारले, आणि मी ‘काका’ म्हटल्यावर त्यांनी ते कागदावर लिहून घेतले. परतताना रिक्षात माझ्या मनात ना चट्टा होता, ना औषध. होते ते खिडकीपाशी चालत गेलेले माझे चार पावलांचे अंतर.

त्या रात्री मी कपाटातून ‘द सिंगिंग डिटेक्टिव्ह’ या जुन्या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेच्या तबकड्या काढल्या. माझ्या भाच्याने काही वर्षांपूर्वी इंग्लंडहून येताना त्या आणल्या होत्या, त्याच्या मते मला जुन्या गाण्यांची आवड होती म्हणून. त्या वेळी मी सहाही भाग तीन रात्रींत पाहिले होते, पहिल्याच भागात मायकेल गॅम्बनचा चेहरा पडद्यावर आला तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला होता, आणि शेवटचा भाग संपल्यावर मी ती पेटी अशी काही आत ठेवून दिली होती की जणू पुन्हा हाताला लागू नये. बीबीसीने ही मालिका १९८६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दाखवली. डेनिस पॉटरने ती लिहिली आणि जॉन एमिएलने दिग्दर्शित केली. आपल्याकडच्या बहुतेकांना गॅम्बन माहीत आहेत ते हॅरी पॉटरच्या चित्रपटांतले डम्बलडोर म्हणून, पांढऱ्या लांब दाढीतले, शांत आणि वत्सल. इथे ते फिलिप मार्लो आहेत. रेल्वेच्या प्रवासात वाचून टाकून देण्याजोग्या गुप्तहेरकथा लिहिणारा एक लेखक, ज्याच्या डोक्यापासून पायापर्यंत लाल, सोललेली, फुटलेली त्वचा आहे, ज्याचे सांधे इतके आवळले आहेत की त्याला मान वळवता येत नाही, आणि जो लंडनमधल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या खाटेवर पडून भेटेल त्याला जिभेने ओरबाडतो. हात चालत नाहीत, म्हणून तो आपली जुनी कादंबरी मनातल्या मनात नव्याने लिहू लागतो. तिच्यात १९४५ सालचे लंडन आहे, धुके आहे, नाचघराच्या वाद्यवृंदात गाणारा आणि फावल्या वेळात गुन्हे शोधणारा एक ऐटबाज गुप्तहेर आहे. त्याचेही नाव मार्लो आणि तोही गॅम्बनच, फक्त त्याची त्वचा नितळ आहे.

कथेतल्या त्या बदनाम नाचघराचे नाव ‘स्किनस्केप्स’. इंग्रजीत ‘स्किन’ म्हणजे त्वचा, हे कोणालाही कळेल. पण मार्लोला जे म्हणायचे नाही ते त्याचे शब्द त्याच्या नकळत म्हणून टाकतात, हे त्या नावातच ठेवलेले आहे, हे मला दुसऱ्यांदा पाहताना उमगले. पहिल्या भागाचे नावही ‘स्किन’च आहे. आणि थेम्स नदीतून हॅमरस्मिथच्या पुलापाशी बाहेर काढलेला एका नग्न स्त्रीचा देह पुन्हा पुन्हा येतो, दर वेळी तिचा चेहरा बदललेला असतो. कधी ती कादंबरीतली रशियन वेश्या असते, कधी मार्लोची दुरावलेली बायको निकोला, कधी त्याची आई. खून कोणी केला हे शोधण्यासाठी आपण पुढे सरकतो आणि हळूहळू ध्यानात येते की प्रेत कोणाचे आहे हेच मुळात ठरलेले नाही.

मालिकेत एक फेरी आहे, ती मी दोन्ही वेळा श्वास रोखून पाहिली. मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन खाटेभोवती उभे राहतात आणि मार्लो, जो आतापर्यंत फक्त फटकारतो आहे, अचानक मोडून पडतो. मला हे सहन होत नाही, मला मदत करा, असे तो अक्षरशः रडत म्हणतो. डॉक्टर त्याच्या डोक्यावरून एकमेकांकडे औषधांची नावे फेकतात. आणि मग दिवे बदलतात, ते सगळे डॉक्टर व परिचारिका नाचू लागतात आणि शरीरातले कोणते हाड कोणत्या हाडाला जोडलेले आहे याची यादी करणाऱ्या एका जुन्या आनंदी गाण्यावर ओठ हलवतात. आवाज त्यांचा नसतोच, जुन्या ध्वनिमुद्रिकेतला असतो. लोक या दृश्याला विनोदी म्हणतात. मला ते तसे कधीच वाटले नाही. ज्याचे एकही हाड दुसऱ्याशी धड जोडलेले राहिलेले नाही, त्याच्या कानात ते गाणे वाजते आहे, आणि त्याला तिथून पळून जायला मनाशिवाय दुसरी जागा उरलेली नाही. अण्णाकाकांना मी एकदा तालुक्याच्या दवाखान्यात वडिलांबरोबर भेटायला गेले होते, तेव्हा तिथेही डॉक्टर त्यांचा सदरा वर करून दुसऱ्या डॉक्टरांना पाठ दाखवत होते आणि काका भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे अशा एकाग्रतेने पाहत होते की जणू तिच्यातली एकही तिथी सुटता कामा नये.

सोरायसिस म्हणजे काय हे मी त्या घरात राहूनही पुष्कळ उशिरा, पुस्तकातून शिकले. निरोगी माणसाच्या त्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन झडायला साधारण महिना घेते. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच बिथरते आणि तोच प्रवास तीन-चार दिवसांत होतो. पिकण्याआधीच पेशी वर येतात, थरावर थर चढतात, चंदेरी होतात, गळतात. काहींच्या बाबतीत तीच बिथरलेली यंत्रणा सांध्यांवरही उठते. अण्णाकाकांच्या उजव्या हाताची दोन बोटे मुळ्यासारखी फुगलेली होती आणि नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. ते एका छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम करीत. ती नोकरी त्यांनी का धरली हे घरात कोणी मोठ्याने बोलत नसे, परंतु त्या कामाला समोर माणूस लागत नाही हे आम्हा मुलांनाही कळत होते. हिवाळ्यात बोटे आखडली की त्यांना पेन्सिल धरवत नसे. मग ते मुद्रित माझ्यासमोर ठेवायचे, स्वतः डोळे मिटून मूळ हस्तलिखित ऐकायचे आणि मी अडखळत वाचत असताना मध्येच म्हणायचे, “स्वल्पविराम. तिथे दंड नाही. नवा परिच्छेद.” मी आठ वर्षांची होते. विरामचिन्हे मी शाळेत शिकले नाही, अण्णाकाकांच्या दुखऱ्या बोटांमुळे शिकले.

म्हणून त्या मालिकेतल्या एका प्रसंगापाशी मी तबकडी थांबवली आणि बराच वेळ तशीच बसले. मार्लोला संशय आहे की निकोला तिच्या प्रियकराशी संगनमत करून त्याच्या पटकथेचे हस्तलिखित लाटते आहे. निकोला आणि तो प्रियकर एका खोलीत बोलत असतात आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडून वाक्याबरोबर विरामचिन्हेही निघू लागतात. स्वल्पविराम, असा तो म्हणतो. प्रश्नचिन्ह, असे ती म्हणते. त्याच क्षणी आपल्याला कळते की हे घडत नाही आहे, हे खाटेवरचा माणूस लिहितो आहे, आणि ज्याचे हात चालत नाहीत त्याच्या मनात विरामचिन्हांसकट लिहिले जाते. पॉटरला हे कुठून सुचले असेल हे मला कोणी सांगायला नको. वयाच्या पंचविशीत त्याला हाच आजार झाला, त्वचेसह सांध्यांचा. पुढे अनेकदा त्याने बोटांत लेखणी बांधून घेऊन लिहिले. असे असूनही ही मालिका आपले आत्मचरित्र नव्हे, असे तो निक्षून सांगत असे. मला त्याचे म्हणणे पटते. आजार त्याचा होता, अपराध त्याने रचला.

तो अपराध असा आहे. इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या फॉरेस्ट ऑफ डीन या जंगल-खाणींच्या मुलखात, जिथे पॉटर स्वतः १९३५ मध्ये एका खाणकामगाराच्या घरी जन्मला, नऊ-दहा वर्षांचा फिलिप उंच झाडाच्या शेंड्यावर बसलेला असतो. तिथल्या बोलीचा जाड, मऊ उच्चार त्याच्या तोंडी आहे. आपण मोठेपणी गुप्तहेर होणार, सगळे शोधून काढणार, असे तो त्या झाडावरून स्वतःलाच सांगतो. त्याच जंगलात तो एक दिवस आपल्या आईला वडिलांच्या ओळखीतल्या रेमंड बिनीबरोबर पाहतो. पुढे शाळेत तो बाईंच्या टेबलावर शौच करतो आणि कोणी केले असे विचारल्यावर, शिक्षेच्या भयाने कोंडला गेल्यावर, बोट दाखवतो ते मार्क बिनीकडे, रेमंडच्या मुलाकडे. मार्क निरपराध असतो. बाई त्याला सगळ्या वर्गासमोर फोडून काढतात. मोठा झालेला मार्लो मानसोपचारतज्ज्ञ गिबनला हे सांगतो तेव्हा पुढचेही सांगतो: तो मुलगा पुढे वेड्यांच्या इस्पितळात गेला. आणि आईला जंगलातल्या त्या गोष्टीविषयी त्याने लंडनमध्ये विचारले, त्यानंतर तिने थेम्समध्ये जीव दिला. प्रेत कोणाचे, याचे उत्तर असे मिळते.

मला माझे झाड शोधायला फार वेळ लागला नाही.

हिवाळा होता, बहुधा तेच साल, १९८६. मी तिसरीत होते आणि डबा घरी विसरले होते. मधल्या सुट्टीच्या आधी वर्गाच्या दाराशी अण्णाकाका उभे राहिले. मफलर, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायांत चपला, कारण बुटांची नाडी त्यांना बांधवत नसे. थंडीत त्यांचा आजार उसळायचा आणि त्या दिवशी तो कानांच्या पाळ्यांपर्यंत, भुवयांपर्यंत आला होता. डबा त्यांनी दोन्ही तळव्यांत, ओंजळीत धरावा तसा धरला होता. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने नाक मुरडून विचारले, “कोण गं हे?” मी म्हणाले, “आमच्या घरी कामाला असतात ते.” मग मी जाऊन डबा घेतला. त्यांच्या बोटांना माझा हात लागू नये अशा बेताने मी तो खालून घेतला, हे मला अगदी स्वच्छ आठवते. त्या डब्याच्या पितळी कडीचा गारवाही आठवतो. त्यांनी ते वाक्य ऐकले की नाही, हे मला माहीत नाही. दार आणि पहिले बाक यांत पाच-सहा पावलांचे अंतर होते. संध्याकाळी घरी ते नेहमीसारखेच होते, माझ्याकडून त्यांनी एक मुद्रित वाचूनही घेतले. पण त्यानंतर ते शाळेत कधी आले नाहीत. मी डबा पुन्हा कधी विसरले नाही म्हणून असेल, सांधे दुखत म्हणून असेल, अथवा ऐकले म्हणून असेल. सगळे धागेदोरे माझ्या हातात आहेत आणि साक्षीदार २००३ साली गेला.

या मालिकेवर माझे प्रेम आहे, आणि तिच्याशी माझे भांडणही आहे. भांडण सांगते. मार्लो गिबनशी बोलू लागतो, दडवलेले ओकू लागतो, रडतो, आणि त्याच्या त्वचेला उतार पडतो. तो चाकांच्या खुर्चीतून उठून उभा राहतो. औषधेही चालू असतात, हे खरे, तरी कथेची ओढ दुसरीकडे आहे. पाप आत कोंडले, ते कातडीवर फुटले, कबुली दिली, कातडी निवली. इंग्लंडमधल्या प्रेक्षकाला हे मनोविश्लेषण वाटेल. मला ते वाईच्या आमच्या ओसरीवरून ऐकू आले. “कुळात कोणी नाग मारला असेल,” असे आजीला शेजारच्या बाया सांगत. “मागच्या जन्मीचे फेडतोय बिचारा,” असे सांगत, आणि ‘बिचारा’ हा शब्द त्यात सर्वांत क्रूर असे. आजीने अण्णाकाकांना त्र्यंबकेश्वरला नेऊन तीन दिवसांचा नारायण नागबळी केला. ते विधीला बसले, उघड्या अंगाने, गुरुजींसमोर, पौषाच्या थंडीत. न केलेल्या सर्पहत्येचे प्रायश्चित्त घेऊन ते परत आले तेव्हा त्यांची पाठ आधीपेक्षा जास्त फुटली होती. आजी मात्र पुढचे वर्षभर त्यांच्याकडे अशा नजरेने पाहत असे की अजून काही सांगायचे राहिले आहे का तुझे. ती त्यांच्यावर जीव ओवाळून टाकणारी आई होती, आणि तिची ती नजर काकांना आजारापेक्षा जड गेली असेल असे मला आता वाटते. आजार म्हणजे शिक्षा नव्हे, हे सांगायला एखादी जादा ओळ पॉटरने खर्ची घालायला हवी होती असे म्हणत मी पहिल्या वेळी ती पेटी आत ठेवून दिली होती.

दुसऱ्यांदा पाहताना मला वेगळे काही दिसले, आणि ते मघाच्या भांडणाला पुरून उरते का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मालिकेत एक परिचारिका आहे, नर्स मिल्स. जोॲन व्हॅलीने ती केली आहे. ती पडदा ओढते आणि मार्लोच्या सर्वांगाला मलम लावते. तो बिचकतो, आपले शरीर आपले ऐकणार नाही या भयाने जगातल्या नीरसातल्या नीरस गोष्टी मनात मोजू लागतो, आणि शरीर ऐकत नाहीच. तो लाजेने माफी मागतो. त्याच्या मनातल्या नाचघरात तीच परिचारिका मग झगमगत्या पोशाखात गाऊ लागते. या प्रसंगात पुष्कळांना वासना दिसली. जंगलातल्या त्या दृश्यावरून तर तेव्हा ब्रिटनमध्ये मोठा गहजब झाला होता, आणि बायकांविषयी मार्लो जे जे घाणेरडे बोलतो ते मला स्त्री म्हणून ऐकवत नाही, हेही मी इथे नोंदवून ठेवते. तरी त्या पडद्याआड मला दिसला तो एक स्पर्श न मिळालेला माणूस. अण्णाकाकांच्या पाठीला डांबराचे मलम आजी लावायची. त्या मलमाचा वास, उन्हाने वितळलेल्या नव्या रस्त्यासारखा, आमच्या माजघराचा वास होता. आजी गेल्यानंतर काकांनी लाकडी उलथन्याला फडके गुंडाळून ते पाठीवर फिरवायला सुरुवात केली. आई होती, वडील होते, मोठी झालेली मी होते. आम्ही कोणीच “द्या इकडे, मी लावते” असे म्हणालो नाही, आणि त्यांनीही कधी मागितले नाही. नाभिक घरी यायचा तोही त्यांच्यासाठी वेगळा कंगवा आणायचा. त्यांच्या मांडीवर-पाठीवर खेळण्याच्या माझ्या आठवणी आठव्या वर्षापाशी का थांबतात, हे मी इतक्या वर्षांत स्वतःला विचारले नव्हते.

शेवटच्या भागात कथेतली पात्रे खाटांच्या दालनात घुसतात. मालिकाभर ट्रेंचकोट घालून हिंडणारे दोन गूढ इसम, आपल्याला लेखकाने धड नावही दिले नाही अशी तक्रार करणारे, मार्लोच्या खाटेशी येतात; गुप्तहेर मार्लो पिस्तूल घेऊन येतो; गोळीबार होतो; आणि शेवटची गोळी गुप्तहेर मार्लो झाडतो ती आजारी मार्लोच्या कपाळात. तो फार काळापासून आजारी होता, आता आपल्या बुटाची नाडी आपण बांधण्याइतके झालो, अशा अर्थाचे तो बोलतो. मग निकोलाच्या हाताला धरून मार्लो, टोपी घालून, दालनाच्या लांबच लांब वाटेवरून चालत बाहेर पडतो. पहिल्या वेळी मी इथे सुटकेने रडले होते. या वेळी बुटाच्या नाडीपाशी थांबले. काकांच्या चपला डोळ्यांपुढे आल्या. आजारी माणूस उठून गेला, की आजारी माणसाला मारून दुसराच कोणी उठून गेला? ज्याने गोळी झाडली तो तर कल्पनेतला नितळ कातडीचा माणूस होता. पॉटरला ते स्वतःला मिळाले नव्हते. त्याचा आजार बरा झाला नाही. तो आयुष्यभर उतरत-चढत राहिला. जे आपल्याला मिळणार नाही ते त्याने आपल्या माणसाला दिले आणि देताना त्यात एक खूनही ठेवला, हा प्रामाणिकपणा मला आता त्या शेवटात दिसतो.

पॉटरची अखेरची मुलाखत मी याच हिवाळ्यात पाहिली. १४ फेब्रुवारी १९९४ ला त्याला स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे कळले होते, मुलाखत मार्चमध्ये झाली आणि एप्रिलमध्ये चॅनल फोरवर दाखवली गेली. तो मधूनमधून छोट्या बाटलीतले मॉर्फीन पितो, सिगारेट ओढतो आणि खिडकीबाहेरच्या मोहराविषयी बोलतो; आता दिसतो आहे तो आजवरच्या सगळ्या मोहरांपेक्षा मोहोरलेला मोहर आहे, असे काहीसे. मी मात्र त्याचे हात पाहत होते. आखडलेल्या बोटांत सिगारेट कशी धरायची हे त्याला कोणी शिकवले नव्हते, त्याने ते शोधून काढले होते, जसे अण्णाकाकांनी पेन्सिल अंगठ्याच्या बेचक्यात खोचणे शोधून काढले होते. पॉटर ७ जून १९९४ रोजी गेला. त्याची बायको मार्गारेट, जिने त्या शेवटच्या महिन्यांत त्याची देखभाल केली, तीही कर्करोगाने त्याच्या नऊ दिवस आधी गेली. तिच्या हातांविषयी फारसे कोणी काही लिहिलेले नाही. अशा घरांत मलम लावणारे हात असतात आणि त्यांच्यावर मालिका निघत नाही.

मला आता डॉक्टरांनी दिलेले मलम आहे, त्याला डांबराचा वास नाही. माझा आजार कोपरापुरता आहे, आज अण्णाकाकांच्या काळात नव्हती अशी औषधे आहेत, आणि मी त्यांच्या दुःखावर आपला हक्क सांगू इच्छीत नाही. पण महिन्याभराने मी पुन्हा त्याच दालनात गेले तेव्हा माझी नजर आधी निळा शर्ट शोधत होती. ते गृहस्थ नव्हते. मी त्यांच्याच खुर्चीवर बसले असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. तिथे कोणी दुसरे बसले होते. मी रांगेच्या टोकाला बसले. कुडत्याच्या बाह्या आखूड होत्या आणि ओढणी कोपरावर येईल अशी मी किती वेळा ओढली हे मला एकदम जाणवले, तसे मी ओढणी सोडून दिली आणि दोन मिनिटांनी पुन्हा ओढली.

शेजारी एक बाई होत्या, त्यांच्या मांडीशी पाच-सहा वर्षांची मुलगी उभी होती, तिच्या गालावर कसलेसे पांढरे मलम थापलेले. ती माझ्या कोपराकडे टक लावून पाहत होती. तिच्या आईच्या ते ध्यानात आले नव्हते. मग ती जवळ सरकली आणि अगदी सरळ म्हणाली, “काकू, हात लावला की लागतं का?”

मी तोंड उघडेपर्यंत दोन उत्तरे येऊन गेली, आणि दोन्हींचे शब्द एकच होते. “नाही,” मी म्हणाले, “लागत नाही.”

तिने एक बोट पुढे केले. आता तिच्या आईने पाहिले आणि मुलीचे मनगट धरले. धरले, पण मागे ओढले नाही.